रेडिओवरचा आवाज भारदस्त नको, कळणारा हवा

ही पोस्ट हॅम रेडिओ करणाऱ्यांसाठी आहेच, पण बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. पूर आला आणि मोबाइलचे टॉवर झोपले की आमच्या या डबड्यांवर तुमचाही निरोप जाऊ शकतो.

सध्या आमच्यात एक खूळ जोरात आहे. चांगला महागाचा ट्रान्सीव्हर घ्यायचा, झाकण उघडायचं, माईकच्या बाजूचे कपॅसिटर बदलायचे, ट्रान्समिटचा फिल्टर रुंद करायचा. बाहेर स्टुडिओतला कंडेन्सर माईक, इक्वलायझर, कॉम्प्रेसर. मग चाळीस मीटरवर येऊन विचारायचं, "कसा येतोय आवाज?" समोरचा म्हणतो, "वा! अगदी आकाशवाणी!" झालं, पैसे वसूल.

माझं मत स्पष्ट आहे. सेट जरूर उघडा. आपल्या छंदात स्वतः सेट बांधायची, सुधारायची मुभा आहे आणि तीच त्यातली खरी मजा. पण आकाशवाणी व्हायच्या नादात आपण चुकीचं टोक धरून बसलोय.

आधी जागेचा हिशोब. आपण बोलतो ते सिंगल साइडबँडवर, म्हणजे एसएसबीवर. त्यात आवाजातला साधारण ३०० ते २७०० हर्ट्झचा पट्टा हवेत जातो. एका स्टेशनला अडीच किलोहर्ट्झच्या आसपास जागा. भारतात चाळीस मीटरचा बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, एकूण दोनशे. त्यातला खालचा भाग मोर्स आणि डिजिटलवाल्यांचा. उरलेल्यात सगळा देश बोलतो. तिथे तुम्ही चार किलोहर्ट्झ अडवलेत, तर शेजाऱ्याच्या दारात मांडव घातल्यासारखंच आहे. तुमचा उत्सव होतो, पण त्याला घराबाहेर पडता येत नाही. अमेरिकेत रुंद एसएसबीवाल्यांची मोठी मंडळी आहेत, पण तिथल्या नियमातही लिहिलंय की गरजेपेक्षा जास्त बँडविड्थ व्यापू नये.

आता ताकदीचा हिशोब, जो फारसा कोणी मांडत नाही. शंभर वॅटचा सेट म्हणजे शिखराला शंभर वॅट. पुरुषाच्या आवाजाचा खर्ज १००-१५० हर्ट्झच्या आसपास असतो. त्याने आवाज भारदस्त वाटतो, पण शब्द त्यात नसतो. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांवरून, आणि व्यंजनं वरच्या पट्टीत, तीही नाजूक. इक्वलायझरवर खालची पट्टी चढवली की शिखर खर्जच गाठतो, एएलसी सगळंच खाली ओढतं आणि व्यंजनं गाळात. शेजारच्या गावात मस्त घुमतं. दोनशे मैलांवर, पावसाळ्यातल्या कडकडाटात, नुसतं "घूं घूं".

मराठीतलंच उदाहरण घ्या. "साठ माणसं अडकलीत" आणि "आठ माणसं अडकलीत". फरक एका 'स'चा. आणि या 'स'ची बहुतेक ताकद ४ किलोहर्ट्झच्या वर असते, म्हणजे एसएसबीत ती पोचतच नाही. 'श' जरा खालून सुरू होतो, त्याचा तुकडा तरी मिळतो. यावर लगेच उत्तर येतं, "म्हणूनच तर आम्ही फिल्टर रुंद करतो!" अहो, पण ऐकणाऱ्याचं काय? त्याच्या रिसीव्हरमध्ये नेहमीचा अडीच किलोहर्ट्झचाच फिल्टर आहे. तुम्ही पाठवलेलं जास्तीचं सगळं त्याच्या दारात कापलं जाणार, आणि बाजूच्या स्टेशनला मात्र कचकच होणार. संकटाच्या वेळी पलीकडे कोणता सेट असेल हे आपल्या हातात नसतं. तिथे उपाय साधा आहे, आकडा तोडून सांगा. सहा, शून्य.

एका सरावात हे समोर घडलं. तालुक्याचे एक साहेब बाजूला उभे राहून ऐकत होते. एका स्टेशनचा आवाज असा की निवेदक म्हणून नोकरी मिळावी. त्यांचा सोळा शब्दांचा निरोप तीनदा मागावा लागला. त्यानंतर एका जुन्या सेटवरून, सोबत आलेल्या हातमाईकवर, किनऱ्या आवाजात दुसरा निरोप आला. एकदाच ऐकला, लिहून झाला. साहेबांनी मला हळूच विचारलं, "पहिल्यांचा सेट बिघडलाय का?"

१९९३ला किल्लारीच्या भूकंपात, २००१ला भूजला हॅम मंडळींनी संपर्क सांभाळला. २००४च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरहून लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवत होते. अशा वेळी नावं आणि आकडे नीट पोचले की काम झालं. प्रशासनाने आपल्याला हाताशी धरावं असं आपल्याला वाटतं, तर मोजमाप हेच हवं.

मग सेट उघडून करायचं काय? बरंच आहे. माईकच्या कपलिंग कपॅसिटरपासून सुरुवात करा. पुढचा रोध १० किलोओहम धरला, तर १ मायक्रोफॅरडला खालची सीमा १६ हर्ट्झच्या आसपास येते. ०.१ लावला तर १६०, ०.०४७ लावला तर ३४० च्या जवळ. दोन-पाच रुपयांचा भाग, पण खर्ज तिथेच अडतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स ज्यांनी बांधलाय त्यांना माहीतच आहे की बीएफओ जरा सरकला तरी आवाज घागरीतला नाहीतर पत्र्याच्या डब्यातला होतो. तो अर्धा तास बसून नीट लावा. महागड्या माईकपेक्षा जास्त फरक पडतो. माईकच्या वायरीला फेराइट घाला, आरएफ शिरून येणारा चिरकेपणा जाईल. एएलसीची सुई आणि माईक गेन तर काहीच न उघडता सांभाळता येतात!

बॉब हाइल हे नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. रॉक बँडना ध्वनियंत्रणा पुरवणारा माणूस, भरदार आवाज म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायला नको. पण त्यानेही हॅमसाठी माईकची कॅप्सूल करताना गप्पांसाठी वेगळी केली आणि गर्दीतून दूर पोचण्यासाठी वेगळी, टोकदार.

रुंद आवाजवाल्यांवर माझा राग नाही. ध्वनीचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. बँड रिकामा असेल तेव्हा करा की प्रयोग. पण 'मॉड' या एकाच नावाखाली बँडबाहेर ट्रान्समिट करण्यासाठी सेट 'खुला' करून देणारेही फिरतायत, त्यांच्या नादी लागू नका. आपलं लायसन्स त्याला परवानगी देत नाही.

क्लबांना एक सुचवतो. "कसा येतोय आवाज" बंद करा. साठ, आठ, सतरा, सत्तर, बासष्ट, बावीस अशी दहा आकड्यांची आणि दहा आडनावांची यादी वाचायची, समोरच्याने ऐकू आलं ते लिहायचं आणि किती बरोबर आले ते सांगायचं. फिल्टर बदलण्याआधी एकदा, नंतर एकदा. येत्या रविवारी सकाळी आठनंतर मी चाळीस मीटरवर आहे. यादी तुमची, वही-पेन माझं.