तिसऱ्यांचा हिशेब कोण ठेवतो?

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक भारतीय वस्तूंवरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला आणि कोळंबी एकदम पहिल्या पानावर आली. येणारच! २०२३-२४ साली आपण सुमारे ६० हजार कोटी रुपयांची सागरी उत्पादने परदेशी धाडली. त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश पैसा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. मग जाणकारांनी सल्ला दिला की, आता आपल्याच लोकांना ती खाऊ घाला. सल्ला वाईट नाही. पण ही निर्यातीची कोळंबी मुख्यतः आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेली. आपल्या खाडीतून थेट आपल्या ताटात जे येते, त्याची चर्चा या गदारोळात कुठेच झाली नाही.

तिसऱ्याच घ्या. पाऊस ओसरून खाडीचे पाणी पुन्हा खारे झाले की, ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उतरतात. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांबवर हटते, तेव्हा पाटी लवकर भरते. रत्नागिरीजवळच्या भाट्ये, काळबादेवीच्या खाड्यांत हे पिढ्यान् पिढ्या चालले आहे. तिसऱ्या रांधायला फारसे काही लागतही नाही. तासभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की त्या वाळू टाकतात. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटली नाही, तर ती फेकावी. विळीवर उघडून मांस एकाच शिंपीत राखायचे, म्हणजे झाली एकशिपी; आतले खारे पाणी गाळून ठेवायचे. तेलात कांदा, हळद, घरचा मसाला, त्यावर तिसऱ्या आणि तेच पाणी, शेवटी ओले खोबरे आणि दोन आमसुले. मीठ चाखूनच घालावे. नीट वाफ आली की उतरवावे. उगाच रटरटत ठेवले तर रबर चावल्यासारखे होते. (आले-लसणाचा मारा करणाऱ्यांशी माझे जमत नाही.)

मात्र ही साधी रांधप खाडीच्या भरवशावर चालते. तिसरी पाणी गाळून जगते; त्या पाण्यात सांडपाणी असेल तर तेही तिच्या पोटात जाते. मासा पळू शकतो, तिसरी पुरलेल्या जागीच राहते. ड्रेजर लावून वाळू उपसली की तिचे घरच जाते. आणि जून-जुलैतली मासेमारीबंदी आहे यांत्रिक नौकांसाठी. तिचा तिसऱ्यांशी संबंध नाही.

केरळातल्या अष्टमुडी सरोवरात हा धडा आधीच मिळाला होता. निर्यातीच्या हव्यासाने १९९० च्या दशकाच्या आरंभी तिथले शिंपल्यांचे उत्पादन घसरले. मग डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंद ठेवला गेला, जाळीच्या आसाचे किमान माप ठरले. २०१४ साली याच शिंपल्यांना शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिलेच.

आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. स्वागतच आहे. पण बँकेत आयुष्यभर कर्जाचे कागद चाळलेल्या माणसाला पुढचा प्रश्न लगेच दिसतो. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुले झाले. तिथे कागद मागितला जातो तो नौकेचा, तळ्याचा किंवा परवान्याचा. कोयता आणि पाटी घेऊन ओहोटीत उतरणाऱ्या बाईने कोणता कागद दाखवायचा? खाडी तिच्या नावावर नाही. खाडी बिघडली तर नुकसानभरपाईच्या यादीत तिचे नाव यावे, अशी नोंदही बहुधा कुठे नसते.

गावातल्या तिसरी काढणाऱ्या बायकांची नोंद मत्स्यखात्याने करावी, खाडीचा काही भाग काही महिने त्यांच्याच संमतीने राखावा. याला कोट्यवधींची योजना लागत नाही. आपण गिऱ्हाइकांनीही एवढे करावे : नखाएवढ्या तिसऱ्यांचा वाटा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि मोठ्यांच्या वाट्यावर घासाघीस करू नये.