शासनाच्या दप्तरी नसलेले वंध्यत्व

भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हापासून जननक्षमता हा विषय शासनाच्या दप्तरी मुख्यतः एकाच प्रश्नाच्या रूपाने आला : जन्म कमी कसे करावेत? नसबंदी शासकीय रुग्णालयात विनामूल्य होते, शिवाय भरपाईची रक्कमही मिळते. मूल न होणाऱ्या स्त्रीला मात्र तेच रुग्णालय बहुधा फारसे काही देऊ शकत नाही. हा असमतोल घालविण्यासाठी प्रथम भव्य केंद्रे नकोत, जिल्हा पातळीवर निदानाची नीट सोय हवी, असे माझे मत आहे.

संततिप्रतिबंधक साधन न वापरता, वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भधारणा न झाल्यास वैद्यकशास्त्र त्यास वंध्यत्व म्हणते. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनीच तपासणीस लागावे, कारण वयानुसार बीजांडांची संख्या आणि प्रत दोन्ही घटतात. बीजांड वेळेवर न सुटणे हे एक मोठे कारण. त्यामागे पीसीओएस, थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिनचा बिघाड असू शकतो. साध्या रक्तचाचण्यांनी व सोनोग्राफीने तो कळतो आणि अनेकदा गोळ्यांनी काम भागते. गर्भनलिका बंद होणे हे दुसरे कारण, आणि येथे आपल्या देशाचे दुखणे निराळे आहे.

प्रसूती वा गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग तर आहेच, पण जननेंद्रियांचा क्षयरोग आपल्याकडे विसरून चालत नाही. खोकला नाही, ताप नाही. मूल न होणे हेच कित्येकदा त्याचे एकमेव लक्षण. औषधे शासन मोफत देते. मात्र नलिका एकदा खराब झाल्या की रोग बरा होऊनही वाट मोकळी होईलच असे नाही. म्हणून निदान लवकर होण्याला मोल आहे. याची उलट बाजूही आहे : केवळ एका पीसीआर चाचणीच्या आधारे सहा महिने क्षयाची औषधे चालू करण्याचा प्रघात खासगी व्यवसायात दिसतो, आणि अनेक तज्ज्ञांना तो मान्य नाही.

वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची प्रकरणे माझ्या टेबलावरून जात असत. पत्नीच्या चाचण्यांचा जाडजूड गठ्ठा, त्यात लॅपरोस्कोपीसुद्धा, आणि पतीच्या वीर्यतपासणीचा कागद असलाच तर सर्वांत शेवटच्या तारखेचा! वास्तविक सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोषाचा काही ना काही वाटा असतो आणि ही तपासणी सर्वांत स्वस्त, वेदनारहित. पण 'वांझ' हे विशेषण बाईलाच लागते. येथे दिल्लीत हिंदीतही तेच. पुरुषाला फार तर 'नपुंसक' म्हणतील, तो तर निराळाच दोष झाला.

केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. मुलाची आस लागलेले, सासरच्या बोलण्याने पोळलेले जोडपे तर कोणताही सल्ला नाकारू शकत नाही. २०२१ च्या कायद्याने टेस्ट ट्यूब केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, हे योग्यच झाले. परंतु खर्चाचे काय? आम्हा केंद्रीय कर्मचाऱ्यांना आरोग्य योजनेतून या उपचाराचा काही खर्च अटींवर मिळतो. गरिबांसाठीच्या आयुष्मान भारत योजनेतून मात्र वंध्यत्वावरील उपचार सामान्यतः वगळलेले आहेत. हा भेद मला समर्थनीय वाटत नाही. गोव्याने २०२३ साली आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात असे उपचार विनामूल्य सुरू केले. सर्वच राज्यांना ते तत्काळ जमणार नाही, हे मी मान्य करतो.

तोवर निदान तरी करावे. जिल्हा रुग्णालयात सूक्ष्मदर्शक आहे, सोनोग्राफी आहे, नलिकांच्या एचएसजी तपासणीस लागणारे क्ष-किरण यंत्र आहे, स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद मंजूर आहे. आठवड्यातील एक वार या कामासाठी ठरवावा, केसपेपर दोघांच्या नावाने एकच काढावा, आणि पतीची तपासणी झाल्याखेरीज पत्नीला शस्त्रक्रियेची तारीख देऊ नये.