रविवारचा प्रश्न

गेल्या महिन्यांत ह्या पानावर आम्हीं माळ्यावरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांविषयीं लिहिलें होतें, आणि उरलेला मजकूर पुढल्या खेपेस देऊं असें वचनहि दिलें होतें. परंतु मध्यंतरीं घरांत एक गोष्ट अशी घडली कीं, ती सांगितल्यावांचून भांड्यांकडे वळणें आमच्यानें होत नाहीं. भांडीं कोठें पळून जात नाहींत. वाचकांनीं महिनाभर धीर धरावा.

आमचे धाकटे बंधु आणि आम्ही मुलुंडास एका बिऱ्हाडीं राहतों, हें नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. बंधूंचा मुलगा यंत्रशास्त्राचा पदवीधर. गेल्या वर्षीं जूनमध्यें त्याला जर्मनींतील म्युनिक शहरीं नोकरी मिळाली. लग्नाला तेव्हां पुरते चार महिनेहि झाले नव्हते. सूनबाई येथें एका पतपेढींत हिशेबाचें काम पाहत असे. तें सोडून तीहि बरोबर गेली. विमानतळावर आमच्या कुटुंबानें (घरांत सारे तिला काकू म्हणतात, म्हणून येथेंहि तेंच नांव चालवितों) तिच्या हातीं मेतकुटाची पिशवी दिली, आम्हीं चार उपदेशाचे शब्द दिले. दोहोंपैकीं मेतकूट उपयोगी पडलें असें पुढें कळलें.

त्या देशाची पहिली ओळख कचेरीच्या दारांतच होते. नव्या घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत नांव नोंदवावें लागतें आणि त्यासाठीं घरमालकाचा दाखला लागतो. ती नोंद झाल्याखेरीज पुढचें काम सुरळीत होत नाहीं. दुसरी ओळख पहिल्या रविवारीं झाली. दूध संपलें होतें, आणि खालीं उतरून पाहतात तों सारा बाजार बंद. ही नुसती चाल नव्हे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून १९१९ च्या वायमार राज्यघटनेनेंच राखून ठेविला आणि तें कलम १९४९ च्या घटनेंतहि कायम केलें आहे. बव्हेरिया प्रांतांत तर इतर दिवशींहि रात्रीं आठाच्या सुमारास दुकानें मिटतात. दोघांनीं त्या दिवशीं कोरा चहा घेतला. स्टेशनांतलीं दुकानें उघडीं असतात, हें ज्ञान मागाहून झालें.

पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली यंत्राच्या तोंडांत घातली कीं ती परत मिळते. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या व तपकिरी अशा वेगळाल्या पेट्यांत टाकाव्या लागतात, आणि त्यासुद्धां रविवारीं टाकावयाच्या नाहींत, कारण खळकन् आवाज होऊन शेजाऱ्याची शांतता मोडते! हें ऐकून आमच्या बंधूंना फार कौतुक वाटलें. त्यांच्या खिडकीखालीं लग्नसराईंत रात्रीं अकरापर्यंत कर्णे वाजतात.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. दर रविवारीं रात्रीं आठ वाजतां, म्हणजे तिकडे उन्हाळ्यांत दुपारीं साडेचारला व हिवाळ्यांत साडेतीनला, आमच्याकडे सारीं माणसें दूरध्वनीच्या पडद्यासमोर जमतात. कुशल झालें कीं आमचा प्रश्न ठरलेला : "मग, ह्या खेपेस काय पाहिलेंत?" आणि उत्तरहि भरघोस मिळे. प्रथम इंग्लिश गार्डन नांवाची विस्तीर्ण बाग झाली. ही १७८९ मध्यें ज्याच्या सूचनेवरून आंखली गेली तो बेंजामिन टॉमसन, पुढें काउंट रमफर्ड झालेला, जन्मानें अमेरिकन होता, आणि त्याच म्युनिकांत तोफांच्या नळ्यांस भोंक पाडतांना किती उष्णता निघते हें मोजून त्यानें उष्णता हा पदार्थ नसून गति आहे असें प्रतिपादिलें. हें आम्ही वर्गांत कित्येकदां सांगितलें असेल. त्याची बाग आपलीं मुलें पाहतील असें तेव्हां वाटलें नव्हतें. बागेंत एक लांकडी चिनी मनोरा आहे. त्याच्या पायथ्याशीं, चेस्टनटच्या झाडांखालीं, बीअरची मोठी बैठक आहे. तेथें खाणें मात्र घरून नेण्याची मुभा असते. १८१२ मध्यें तेथील राजानें मद्य गाळणारांस बीअर विकूं दिली, पण खानावळवाल्यांचा धंदा बुडूं नये म्हणून अन्न विकूं दिलें नाहीं. तेव्हांपासून लोक शिदोरी घेऊन जातात. आमच्या जोडप्यानेंहि थालीपिठें नेलीं आणि सोडा घातलेला सफरचंदाचा रस घेतला. तो रसच होता ना, हें बंधूंनीं तीनदां विचारून घेतलें.

मग डोंगरावरचा नॉयश्वानश्टाइनचा वाडा झाला. दुसऱ्या लुडविग राजानें १८६९ मध्यें त्याचा पाया घातला. १८८६ मध्यें राजा वारला तेव्हां काम अपुरेंच होतें, आणि थोड्याच आठवड्यांत तो पैसे घेऊन लोकांस दाखविण्यांत येऊं लागला.

तिसरी फेरी आमच्या हट्टाखातर झाली, आणि तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. संस्कृताच्या मास्तराला एवढी मोकळीक वाचक देतील. डॉ. मार्टिन हाउग नांवाचे जर्मन पंडित १८५९ पासून १८६६ पर्यंत पुण्याच्या सरकारी पाठशाळेंत, जिला पुढें डेक्कन कॉलेज म्हणूं लागले तींत, संस्कृताचे अध्यापक होते. ऐतरेय ब्राह्मण त्यांनीं १८६३ मध्यें मुंबईंत छापून प्रसिद्ध केलें. यज्ञविधींचें वर्णन नुसतें वाचून उलगडेना, म्हणून एका श्रोत्रियास द्रव्य देऊन त्यांनीं आपल्याच आवारांत ते विधि करवून घेतले आणि जवळ बसून टिपून ठेविले. १८६८ मध्यें ते म्युनिकच्या विश्वविद्यालयांत संस्कृताचे प्राध्यापक झाले व १८७६ मध्यें वारले. त्यांनीं येथून नेलेल्या पोथ्या म्युनिकच्या राजकीय ग्रंथालयांत आहेत. पुण्याच्या कुणा शास्त्र्याच्या घरची पोथी आपल्या सुनेच्या घरापासून चार कोसांच्या आंत आहे, हें मनांत आल्यावर आम्हांस राहवेना. नोव्हेंबरांत आम्हीं दोघांस तेथें पाठविलेंच. पोथ्या कांहीं अशा हातीं देत नाहींत. तरी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर जे चार ग्रीक पुरुष दगडांत बसविले आहेत, त्यांच्या शेजारीं उभ्या असलेल्या सूनबाईचें छायाचित्र आलें. तें आम्हीं आल्यागेल्यास दाखविलें.

संक्रांतीच्या अगोदरचा रविवार उजाडला. लग्नानंतरची पहिलीच संक्रांत. भावजयीनें हलव्याचे दागिने एका जाणाराबरोबर धाडले होते, काळी साडी तिनें जातांनाच नेली होती. रात्रीं आठाला नेहमींचा प्रश्न झाला. पुतण्यानें "आजच गेलों होतों" म्हणून एका कारंज्याचें चित्र दाखविलें. आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. कारंज्यामागचीं झाडें पिवळ्या पानांनीं भरलेलीं होतीं. आम्हीं विचारलें, "अरे, तिकडे गेल्या आठवड्यांत बर्फ पडलें म्हणालास, मग झाडांवर पानें कशीं?"

कोणी बोलेना. मग सूनबाईच म्हणाली, "काका, हें चित्र ऑक्टोबरांतलें आहे. आज आम्ही कुठेंच गेलों नाहीं. गेल्या रविवारींहि नाहीं. तुम्ही सगळे विचारतां, म्हणून एका फेरीचीं चित्रें तीन तीन आठवडे पुरवितों. ग्रंथालयाच्या दिवशीं ह्यांना ताप होता, तरी गेलों."

छत्तीस वर्षें दुसऱ्याची वही पाहून लिहिलेले निबंध पकडण्यांत गेलीं. ती सवय जात नाहीं. आम्हीं तेथल्या तेथें सत्य ह्या विषयावर बोलूं लागलों. एवढ्यावरहि न थांबतां, आपल्या शेजारच्या कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें अवघ्या अठराव्या वर्षीं, नवरा बरोबर नसतां, समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली आणि १८८६ मध्यें डॉक्टर झाली. तुम्हांस तर दोघांची सोबत आहे, असेंहि ऐकविलें. सूनबाई म्हणाली, "चुकलें, काका." पडदा काळा झाला.

त्या रात्रीं काकूनें पान वाढलें, पण बोलली नाहीं. हात धुतल्यावर म्हणाली, "आनंदीबाईची गोष्ट अर्धीच कां सांगितलीत? ती क्षय घेऊन परत आली आणि बाविसावें वर्ष पुरें होण्याआधीं पुण्यास वारली, हेंहि सांगावयाचें होतें." आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्याहून खरें असें कीं, आनंदीबाईला न्यू जर्सींतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंचें घर मिळालें होतें. त्या बाईनें तिला मुलीसारखें वागविलें. आमच्या सुनेला कोण होतें? डिसेंबरांत तेथें सकाळीं आठाला उजाडतें आणि साडेचाराच्या आंत सूर्य बुडतो. नवरा अंधारांत जातो, अंधारांत येतो. बाजारांत यंत्रासमोर पैसे द्यावे. तेथेंहि बोलणें नाहीं.

मग काकूनें माळ्यावरची ट्रंक काढविली. (भांड्यांच्या लेखासाठीं हीच ट्रंक मागच्या महिन्यांत उघडली होती.) तींत वडिलांनीं तारेला ओंवून ठेविलेलीं आमचीं जुनीं कार्डें आहेत, ते गेल्यावर वाईजवळच्या आमच्या गांवाहून तीं येथें आलीं. १९८३ च्या पावसाळ्यांतलें एक कार्ड काकूनें मोठ्यानें वाचलें. तेव्हां आमचें नवें लग्न, मुलुंडांत एक खोली, पहाटे चाराला पाणी, आणि चाळींत आमच्या बोलीला हंसणारे शेजारी. वडील दर पत्रीं विचारीत, "मुंबईंत काय काय पाहिलें?" कार्डांत आम्हीं लिहिलें होतें कीं, परवां उभयतां राणीच्या बागेंत जाऊन आलों, पांढरा वाघ पाहिला, फार समाधान वाटलें. राणीची बाग आम्हीं प्रत्यक्ष पाहिली ती १९८५ मध्यें. त्या पावसाळ्यांत भायखळ्यापर्यंत दोघांचीं तिकिटें काढण्याचीहि आमची ऐपत नव्हती, आणि काकू दिवसभर खोलींत एकटी बसून रडत असे, हें तिनें त्या रात्रीं, चाळीस वर्षांहून अधिक काळानें, प्रथमच सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सूनबाईस स्वतःच्या हातानें पत्र लिहिलें आणि टपालानें धाडलें. कार्डाची हकीकत तींत सबंध दिली, आणि बोललों तें मागें घेतलें. पत्र पोंचण्यास सोळा दिवस लागले. उत्तर चार ओळींचें आलें. शेवटची ओळ अशी : "काका, वाघ पांढराच कां लिहिलात?"

रविवार तसाच चालू आहे, पण तो प्रश्न घरांत बंद झाला. बंधूंच्या तोंडीं एकदां येतां येतां भावजयीनें डोळे वटारले. काकूनें मात्र आपली निराळी वाट काढली. दर बुधवारीं दुपारीं, तिकडे सकाळ असतां, ती दूरध्वनि लोणच्याच्या बरणीला टेकून उभा करते आणि भाजी निवडीत बसते. तिकडे सूनबाईहि कांहींतरी चिरीत असते. पुष्कळ वेळ कोणी बोलतहि नाहीं. पांच पांच दिवस नवऱ्याखेरीज कुणाशीं शब्द झाला नव्हता, हें तिनें काकूला असेंच एका बुधवारीं, मटार सोलतां सोलतां सांगितलें.

फेब्रुवारींत ती जर्मन भाषेच्या वर्गास जाऊं लागली. लिंगें कांहीं केल्या बसेनात. तेथें सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! येथें मात्र आम्ही उपयोगीं पडलों. आम्हीं तिला सांगितलें, बाई ग, संस्कृतांत बायकोला 'भार्या' म्हटलें तर स्त्रीलिंग, 'कलत्र' म्हटलें तर नपुंसकलिंग, आणि 'दार' म्हटलें तर पुल्लिंग व तेंहि बहुवचन. एवढें ज्यांनीं पचविलें त्यांच्या घरची तूं, तुला जर्मन मुलीचें काय भय? ती मोकळेपणानें हंसली. दुसरी अडचण उपसर्गांची. 'उठणें' ह्या क्रियापदाचा उपसर्ग तेथें सुटून वाक्याच्या पार शेवटीं जाऊन बसतो. आम्हीं म्हटलें, वेदांत उपसर्ग असाच क्रियापदापासून दूर पडतो. पाणिनीच्या काळीं तो लौकिक भाषेंत जागेवर आला, जर्मन लोकांनीं त्याला अजून मोकळा सोडला आहे इतकेंच. हाउगसाहेबांस पुण्यांत आपल्या भाषेची आठवण अशीच येत असेल काय, कोण जाणे. सध्यां शनिवारीं अर्धा तास आमची शिकवणी चालते. छत्तीस वर्षांत इतकी मन लावून ऐकणारी विद्यार्थिनी आम्हांस मिळाली नव्हती. अर्थात् इतर विद्यार्थ्यांस त्या भाषेवांचून भाकरी विकत घेतां येत होती.

नोकरीचें अजून जमलेलें नाहीं. नवऱ्याबरोबर आलेल्या बायकोस काम करण्याची मुभा तेथें आहे, पण हिशेबाच्या जागेला भाषा लागते, आणि ती यावयास अजून वर्ष तरी जाईल. मध्यें एकदां 'मी परत येऊं का?' असेंहि तिनें काकूला विचारलें. काकूनें तिला 'ये' म्हटलें नाहीं आणि 'नको'हि म्हटलें नाहीं. तुझी खोली झाडून ठेवलेली आहे, एवढेंच सांगितलें. आम्हांस हें पंधरा दिवसांनीं कळलें.

परवांच्या बुधवारीं काकूनें घेवडा घेऊन बैठक मारली, बरणी पुढें ओढली, पण तिकडून कोणी उत्तर देईना. अर्ध्या तासानें दोन ओळी आल्या : वर्ग सुटल्यावर बरोबरीची एक तुर्की बाई चहाला घरीं घेऊन गेली आहे, संध्याकाळीं बोलूं. काकूनें चष्मा लावून त्या ओळी दोनदां वाचल्या. मग घेवड्याचें सूप आमच्याकडे सरकवीत म्हणाली, "बसा इकडे. शिरा काढूं लागा."