पापलेटचा कॅनडातला चुलतभाऊ

परदेशी गेलेला मराठी माणूस सगळ्यात जास्त काय मिस करतो? आई, गणपती, पहिला पाऊस, लोकलची विंडो सीट... ही झाली फॅमिली ग्रुपवर टाकायची उत्तरं. खरं उत्तर ताटात असतं. आणि माणूस आमच्या आगाशीचा असेल, तर त्या उत्तराला शेपूट, कल्ले आणि काटेही असतात.

आगाशी म्हटलं की तुमच्यापैकी निम्मे जण म्हणणार, "भुजिंग!" बरोबर. पोहे घातलेलं ते चिकन आमच्याच गावचं. थोडे जास्त जाणकार असतील ते सुकेळ्यांचं नाव घेतील, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. पण विरार पश्चिमेला उतरून आगाशीचा रस्ता धरला की पुढे अर्नाळा लागतं, आणि अर्नाळ्याला बंदर आहे. त्यामुळे सोमवार-गुरुवार सोडले तर आमच्या घरांत "आज भाजी कुठली?" असं कोणी विचारत नाही. "आज काय मिळालं?" असं विचारतात. मिळालं म्हणजे मासे. ते वेगळं सांगावं लागत नाही.

माझे मोठे काका या पंथाचे कट्टर सदस्य. आयुष्यभर विरार-चर्चगेट अप-डाउन केलं, पण संध्याकाळी पिशवीत मासे नाहीत असं क्वचितच झालं. काकी गेल्या आणि माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, त्यांना टोरांटोला घेऊन गेला. एकटं ठेवणार कसं? निर्णय शंभर टक्के बरोबर. प्रॉब्लेम एवढाच झाला की तिथे जाऊन काकांनी जेवणं सोडलं.

सोडलं म्हणजे उपोषण वगैरे नाही. दोन घास खायचे, "झालं माझं" म्हणायचं आणि टीव्हीसमोर जाऊन बसायचं. तीन महिन्यांत सात किलो वजन गेलं. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, रिपोर्ट नॉर्मल. वहिनी बिचारी रोज नवीन काहीतरी करायची. शेवटी दादाचा मला फोन आला. "तू फूडवर लिहितेस ना? मग मला सांग, इथे पापलेटला काय म्हणतात?"

या कॉलमचे रेग्युलर वाचक जाणतात की मला असले प्रश्न जाम आवडतात. पण हा प्रश्न टाइमपास नव्हता. दादाचा आवाज कापत होता.

आता आधी एक गोष्ट क्लिअर करू. सगळ्याच परदेशांत ही बोंब नसते. आमच्याकडचे जे गल्फला गेले त्यांची चैन आहे. समुद्र तोच, म्हणून मासेही तेच. सुरमईला तिकडे 'कनाद' म्हणतात आणि कुवेतमध्ये पापलेट 'झुबैदी' नावाने मिरवतं. तिथले लोक त्यासाठी आपल्याइतकेच वेडे आहेत. ऑस्ट्रेलियावाल्यांनीही तक्रार करू नये. तिथे ज्या 'बारामुंडी'चं एवढं कौतुक असतं तो आपला जिताडा आहे, अगदी तोच, अलिबाग-पेणवाल्यांचा जीव की प्राण. खरे वांधे होतात ते थंड पाण्याच्या देशांत. तिथला मासा दिसतो वेगळा, लागतो वेगळा आणि नावं तर भलतीच.

नावांचा घोळ आपणच घालून ठेवलाय म्हणा. रावसाला आपण इंग्रजीत 'इंडियन सालमन' म्हणतो. दादाने अर्थातच पहिल्याच वीकेण्डला खराखुरा, गुलाबी, महागडा सालमन आणला, मसाला-तांदळाचं पीठ लावून तळला. काकांनी एक तुकडा तोंडात टाकला, ताटाकडे बघितलं आणि विचारलं, "हा कोण?" बरोबरच होतं त्यांचं. रावस आणि सालमन यांचं काडीचंही नातं नाही. रावसाच्या गळ्याखाली दोऱ्यांसारखे मोकळे पर असतात, त्याचं घराणंच वेगळं. सालमनच्या तेलापुढे आपला मसाला हात टेकतो.

मग मी अर्नाळ्याला गेले. गूगल करता आलं असतं, केलंही. पण गूगलला पापलेट खाल्ल्यावर बोटं चाटायची माहिती नसते. आमची ठरलेली मासळीवाली मावशी वाटे लावून बसली होती. तिला सगळी स्टोरी सांगितली. काका तिचे जुने गिऱ्हाईक, भावावरून भांडणारे. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बाय, नाव इचारून काय व्हनार? त्याला सांग, मासा दाबून बघ. मऊ हाय का कडक, तेलाचा हाय का कोरडा, काटा मधी हाय का सगल्या अंगाला. तसा तसा घे."

मास कॉमच्या दोन वर्षांत रिसर्च मेथडॉलॉजीचा इतका सोपा फंडा मला कोणी शिकवला नव्हता.

हेच सूत्र धरून आमची टोरांटो-आगाशी हॉटलाइन सुरू झाली. दादा शनिवारी सकाळी चिनी सुपरमार्केटमध्ये, मी रात्री जेवून मोबाइलसमोर. त्याने फ्रीझरमधून पहिलं काढलं ते 'गोल्डन पॉम्पानो'. दुकानदार पापलेट म्हणूनच विकत होता. आकार बराचसा तसाच, रंग चंदेरी, पोटाकडे पिवळसर. चीनमध्ये याची मोठी शेती होते, म्हणून जगभर स्वस्त मिळतो. दादाने तळला. रिझल्ट काय? काकांनी अख्खा तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "हलवा बरा होता, पण पापलेट म्हणू नकोस."

मी उडालेच! कारण माशांच्या शास्त्रात नेमकं हेच आहे. आपण ज्याला हलवा म्हणतो आणि इंग्रजी मेनूकार्डावर जो 'ब्लॅक पॉम्फ्रेट' असतो, तो पॉम्फ्रेट नाहीच. तो पॉम्पानोच्या खानदानातला. काकांनी कुठलंही पुस्तक न उघडता फक्त जिभेने ते ओळखलं.

पापलेटचं सख्खं चुलतघराणं मात्र अमेरिका-कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर खरोखरच आहे. नाव 'बटरफिश'. तळहाताएवढा, चपटा, चंदेरी, मऊ मांसाचा. कोरियन आणि चिनी दुकानांत मिळतो, आणि गोरे लोक फारसे विचारत नाहीत म्हणून भावही बरा. फक्त एक काळजी घ्यायची. बटरफिश या नावाखाली दुकानदार भलतेच मासे खपवतात. त्यातला एक 'एस्कोलार'. त्याच्यात मेणासारखं तेल असतं, जे आपल्या पोटाला पचत नाही आणि नंतर काय होतं ते या ग्लॉसी पानावर लिहिणं बरं नाही. जपानने त्याच्या विक्रीवर बंदीच घातलीय. सोपी खूण सांगते. कापलेला पांढराफेक तुकडा असेल तर घेऊ नका. डोक्या-शेपटीसकट छोटा, चपटा, पूर्ण मासा असेल तरच घ्या.

दादाने पूर्ण मासे घेतले. हिरवी चटणी भरली, तव्यावर टाकले. काका काहीच बोलले नाहीत. दोन खाल्ले. मग वहिनीकडे भात मागितला. वहिनीने किचनमधून मला मेसेज केला: 'भात मागितला!!!' तीन उद्गारचिन्हं तिचीच.

बांगड्याचं काम त्यामानाने सोपं. तिकडचा मॅकरल बांगड्याच्या घराण्यातलाच आहे, फक्त अंगाने मोठा आणि थंड पाण्यात राहणारा, म्हणून चरबी जास्त. त्यात आपल्या हाताने नारळाचं वाटण घातलंत तर कालवणावर तेलाचा तवंग येतो. नारळ निम्मा करा, चिंच वाढवा, मिरची वाढवा. एवढ्यावर बांगडा पास.

मांदेलीची कथा गमतीची आहे. ओंटारियोमधल्या मोठ्या तळ्यांत 'स्मेल्ट' नावाचा बोटभर मासा असतो. वसंत ऋतूत तो झुंडीने किनाऱ्याकडे येतो आणि स्थानिक मंडळी जाळी घेऊन रात्रभर पकडत बसतात. पीठ लावून कुरकुरीत तळला की काट्यासकट खाता येतो, म्हणजे काम तेच. पण ताज्या स्मेल्टला चक्क काकडीचा वास येतो! काकांनी हुंगून विचारलं, "मासे केलेत की कोशिंबीर?" पण डिश रिकामी झाली. जवळा मिळाला फिलिपिनो दुकानात. ते त्याला 'अलामांग' म्हणतात आणि आंबवून खातात. कोरियन मीठात मुरवतात. आपण वाळवतो. इवलीशी कोळंबी, पण अर्ध्या आशियाला तिच्यावाचून जेवण जात नाही.

आणि मग आला बोंबील.

बोंबलाला पर्याय नाही, हे मी छातीठोकपणे लिहिते. इतका पाणीदार, इतका लुसलुशीत मासा दुसरा दाखवा. पाट्याखाली दाबून पाणी काढलं नाही तर तव्यावर विरघळेल अशी त्याची तऱ्हा. आणि सुका बोंबील? अर्नाळ्याला बांबूच्या मांडवांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील ज्याने बघितलेत आणि हुंगलेत, त्याला बाकी सगळे परफ्यूम फिके. या वासावरून इंटरनॅशनल मॅटरही झालंय बरं. १९९७ साली युरोपियन युनियनने भारतातून येणाऱ्या माशांना नियम लावला, मान्यताप्राप्त कारखान्यातला असेल तरच आत. उघड्यावर वाळणारा बोंबील कुठून कारखान्यात जाणार? ब्रिटनमधल्या 'बॉम्बे डक'प्रेमींनी तो वाचवण्यासाठी मोहीम काढली आणि काही वर्षांनी तो परत तिथल्या ताटात आला.

दादाला पर्याय शोधावा लागला नाही, कारण बोंबीलच सापडला. टोरांटोत डॅनफोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर बांगलादेशी वस्ती आहे. आपला बोंबील म्हणजे त्यांचा 'लोइट्टा'. फ्रोझन पाकिटात व्यवस्थित मिळतो. फक्त वितळला की त्याची पार लापशी होते, तळायचं विसरा. मग आईने फोनवरून भुजणं सांगितलं. कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर, तेल, सगळं कच्चंच बोंबलाला लावायचं, झाकण ठेवायचं आणि डाव अजिबात घालायचा नाही, भांडंच हलवायचं. काकी तसंच करायच्या.

त्या दिवशी काका जेवताना रडले. काकी गेल्यावर पहिल्यांदाच. दादा घाबरून मला म्हणाला, "आपण चुकलो का गं?" मी म्हटलं, "ताटात काही उरलं का?" उरलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही इथे बसलोय, आम्हाला काय त्याचं? तर बॉस, तुमच्या ऑफिसच्या खालच्या रेस्टॉरंटमध्ये लंचला जो 'फिश फिंगर' खाता तो बहुतेक वेळा बासा असतो, मूळचा व्हिएतनामकडचा, नदीतला. बाजारात 'रूपचंद पापलेट' म्हणून स्वस्तात जे मिळतं ते मूळ दक्षिण अमेरिकेतलं, आता तळ्यात वाढवलेलं. पिरान्हाचं नातेवाईक! आणि खरं पापलेट? २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं, कारण कौतुक होतं तसं काळजीचंही होतं. वाढायच्या आत पिल्लंच जाळ्यात येतायत, हे आमच्या पालघर जिल्ह्यातले सातपाटी-अर्नाळ्याचे मच्छीमार कधीपासून सांगतायत. मावशीच्या टोपलीतलं पापलेट मी लहान असताना होतं त्याच्या निम्म्याने राहिलंय, भाव मात्र दुपटीच्या कितीतरी पुढे. पर्याय शोधायची वेळ फक्त टोरांटोवर आलेली नाही.

काकांचं वजन चार किलो परत आलंय. आणि हल्ली ते दादासाठी थांबत नाहीत. सीनियर सिटिझनचं बसतिकीट काढून एकटेच मासळीबाजारात जातात, चिनी दुकानदाराला खुणेने कल्ले उघडून दाखवायला लावतात, लाल नसतील तर मान हलवून पुढे. दुकानदार त्यांना 'अंकल' म्हणतो. इंग्रजी दोघांचंही सारखंच, त्यामुळे भांडण छान रंगतं म्हणे.

प्रॉब्लेम आता माझा आहे. काका मासा दिसला की फोटो काढून मला पाठवतात, तेव्हा इकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. खाली एकच ओळ: 'हा कोण? मावशीला विचार.' गेल्या आठवड्यात एक चपटा, तपकिरी, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला प्राणी आला. सकाळी मावशीला दाखवला. तिने फोन लांब धरून बघितला आणि हसत सुटली.

"लेप हाय गो लेप! एवढा मोठा? त्यांना सांग, साल काढून घ्या, नायतर तव्याला चिकटल. आनि इचार, कितीला दिला?"