गायीच्या शरीराचा जमाखर्च

दुधाचा विषय निघाला की आपण घरातली माणसे पहिला प्रश्न विचारतो तो, 'हे दूध मुलांना चालेल ना?' हा. प्रश्न रास्तच आहे. पण दूध देणाऱ्या जनावराचे काय, हा प्रश्नही त्याच्या पाठोपाठ यायला हवा, असे मला वाटते. अमेरिकेत गायींना टोचल्या जाणाऱ्या वाढ-संप्रेरकाची हकीकत वाचताना हे मला पुन्हा पुन्हा जाणवले.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे 'इंजेक्शनचे दूध' म्हणतात ते बहुधा ऑक्सिटोसिनबद्दल असते. ते दूध तयार करीत नाही. कासेत साठलेले दूध सडांकडे उतरवते. म्हणजे वासरू नसतानाही गायीला पान्हा सोडायला लावते. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणे हा आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. वाढ-संप्रेरकाचे काम याहून वेगळे आणि खोलवरचे. ते गायीच्या सबंध चयापचयाची दिशाच बदलते.

हे संप्रेरक गायीच्या मेंदूखालील पियूषिका ग्रंथीत निसर्गतःच तयार होते. ग्रंथीचा अर्क टोचला तर दूध वाढते, हे सोव्हिएत संशोधकांनी १९३७ साली दाखवले. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईत ब्रिटिशांनीही या उपायाचा विचार केला. पण कत्तलखान्यातून मिळणारा अर्क अगदीच तुटपुंजा होता. पुढे जनुकतंत्राने जिवाणूंकडून हे प्रथिन हवे तेवढे करून घेता येऊ लागले. १९८० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात डेल बाऊमन यांनी त्यावर मोठे काम केले. मोन्सॅन्टो कंपनीच्या 'पोसिलॅक' या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर १९९३ मध्ये मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी १९९४ पासून ते विकले जाऊ लागले. गाय व्याल्यानंतर साधारण नवव्या आठवड्यापासून दर १४ दिवसांनी ५०० मिलिग्रॅमची एक सुई, असा त्याचा क्रम. दुधात वाढ साधारण १० ते १५ टक्के.

ही वाढ येते कोठून? गायीच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव चाऱ्यातली बहुतेक साखर स्वतःच फस्त करतात आणि गायीच्या वाट्याला आम्ले ठेवतात. त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिच्या यकृताला ग्लुकोज घडवावे लागते. त्याच ग्लुकोजची कासेत दुग्धशर्करा होते, दुग्धशर्करा पाणी ओढते आणि त्यावर दुधाचे माप ठरते. ३० लिटर दूध देणारी गाय रोज सुमारे दीड किलो दुग्धशर्करा शरीराबाहेर टाकते. संप्रेरक टोचल्यावर यकृत ग्लुकोजचे उत्पादन वाढवते, स्नायू आणि मेद मात्र इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत, आणि वाचलेले ग्लुकोज कासेकडे जाते. खुराक कमी पडत असेल तर अंगावरची चरबी वितळून रक्तात उतरते. पुरेसा असेल तर नवी चरबी साठत नाही. यकृतातून स्रवणारा इन्सुलिनसदृश वृद्धिघटक कासेला अधिक काम करायला लावतो. गंमत अशी की, दूध दिवसा-दोन दिवसांत वाढू लागते. गायीची भूक वाढायला मात्र काही आठवडे लागतात. मधल्या काळात खर्च चालतो तो अंगावरच्या शिलकीतून. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत गाय आधीच अशा तुटीत असते, म्हणून तर सुई नवव्या आठवड्याची वाट पाहते.

या तंत्राचे पुरस्कर्ते म्हणतात की, उत्तम खुराक आणि चोख देखभाल असेल तर गाय हा भार पेलते. ते अगदीच खोटे नाही. पण कॅनडात पशुवैद्यांच्या समितीने उपलब्ध प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा कासदाहाचा, म्हणजे आपल्या दगडीचा, धोका सुमारे २५ टक्क्यांनी, गाभण न राहण्याचा सुमारे ४० टक्क्यांनी आणि लंगडण्याचा सुमारे ५५ टक्क्यांनी वाढलेला आढळला. माणसांना धोका दिसत नसतानाही कॅनडाने जानेवारी १९९९ मध्ये परवानगी नाकारली, ती गायींसाठी. युरोपीय संघानेही जनावरांच्या आरोग्याचे कारण देऊन २००० सालापासून कायमची बंदी घातली.

अमेरिकेच्या निर्णयात मात्र माणसाच्या सुरक्षिततेचे पारडे जड राहिले. हे प्रथिन आपल्या पोटात पचते आणि माणसाच्या शरीरावर त्याचा अंमल चालत नाही, हे खरेच आहे. कासदाहाचा आणि गर्भधारणेतल्या अडचणींचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला होता. म्हणजे दुखणे ठाऊक होते. ते गायीचे असल्यामुळे चालण्यासारखे मानले गेले. आणि दुधाची टंचाई होती म्हणावे, तर तेही नाही. १९८६ साली त्याच देशाच्या सरकारने जादा दूध आवरण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देऊन दुभत्या गायींचे कळप मोडायला लावले होते! शेवटी औषधाचा खप घटला तो गिऱ्हाइकांच्या नाराजीने. २००८ साली वॉलमार्टने आपल्या नावाच्या दुधासाठी अशा गायींचे दूध घेणे थांबवले.

आपण यातून काय घ्यायचे? सुई नसली तरी जास्त दुधाचा हव्यास आपल्याही गोठ्यात आहे. होल्स्टीन संकरित गाय घ्यायला गेलेला शेतकरी आधी लिटर विचारतो, आणि दुधाचे पैसे लिटरवर मिळत असताना त्याला दोष तरी कसा द्यावा? पण गाय किती वेते टिकली, वेळेवर गाभण राहिली का, पाय धड राहिले का, हेही त्याच वहीत लिहिले गेले पाहिजे. लिटर वाढवताना तेवढा चारा आणि पेंड दावणीत पडली नाही, तर वाढलेले दूध गाय स्वतःच्या हाडामासातून फेडते. दुधाचा भाव ठरवणाऱ्यांनी आणि दूध पिणाऱ्या आपण सर्वांनी हा खर्चही हिशेबात धरायला हवा.