दोन जिवांच्या बाईचा घोर वाटून घ्या

गेल्या ऑगस्टच्या मध्यात मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत रातोरात पाणी शिरलं. लष्कराला बोलवावं लागलं. सप्टेंबरात लातूर जिल्ह्यातही नद्यांनी पात्र सोडलं. पंचनामे झाले. सोयाबीन किती गेलं, जनावरं किती वाहून गेली, भिंती किती पडल्या, सगळं लिहून घेतलं. त्या पाण्यातून बाहेर काढलेल्या बायांपैकी कुणाला दुसरा महिना होता, कुणाला तिसरा, हे लिहायला पंचनाम्यात रकाना नसतो. त्या बाया आज सहाव्या, सातव्या, आठव्या महिन्यात आहेत. म्हणून संक्रांतीच्या या आठवड्यात नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक घराला हात जोडून सांगते आहे, त्यांचा घोर वाटून घ्या. महिनाभर थांबलो तर अनेकींच्या बाबतीत वेळ निघून गेलेली असेल.

मी प्रसूती विभागात नर्स आहे. दिवसांआधीच्या बाळंतपणाशी माझी ओळख मात्र नोकरीच्या आधीची आहे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आईला सातवा महिना होता. आमचं घर औसा तालुक्यातलं, दगडमातीच्या भिंतींचं आणि माळवदाचं. गणपती विसर्जन करून गाव नुकतंच निजलं होतं. आई वाचली, पण तिची धाकटी जाऊ मातीखालून निघाली ती गेलेलीच. त्यानंतर तीन आठवडे आई धड झोपली नाही. जमीन हलल्याचा भास व्हायचा आणि ती पोट धरून उठून बसायची. दिवाळीच्या सुमाराला, पत्र्याच्या शेडमध्ये, दिवस भरायच्या पाच-सहा आठवडे आधी माझा जन्म झाला. आजी म्हणायची, ‘धसक्यानं आलेलं लेकरू.’ भूकंपामुळेच मी लवकर आले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका बाळंतपणावरून तसं म्हणताही येत नाही. पण आजीच्या त्या शब्दात किती शास्त्र होतं, हे मला शिकताना कळलं.

किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज इथं भूकंप झाला. तिथल्या गरोदर बायांचा पुढं अभ्यास झाला. त्यात दिसलं ते असं, की सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांना हादरा बसला, त्यांचं बाळंतपण जास्त लवकर झालं. शेवटच्या महिन्यांत असलेल्यांवर परिणाम त्या मानानं कमी होता. म्हणजे धसका बसतो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आणि त्याचं फळ दिसतं सातव्या-आठव्यात. तोवर सगळे पूर विसरलेले असतात.

हे होतं कसं, ते सांगते. भीती वाटली, चिंता लागली, की मेंदूतून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं आणि त्या साखळीच्या शेवटी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. साखर वाढते, छाती धडधडते, अंग पळायला किंवा झुंजायला तयार होतं. एरवी कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूला थांबायला सांगतं. टाकी भरली की मोटार बंद पडावी तसं. पण गरोदरपणात वारही सीआरएच तयार करते, आणि वारेचं गणित उलटं आहे. कॉर्टिसॉल वाढलं की वार थांबत नाही, उलट आणखी सीआरएच सोडते. टाकी वाहायला लागली तरी मोटार चालूच. ऑस्ट्रेलियातल्या रॉजर स्मिथ यांच्या गटानं 1995 मध्ये याला वारेचं घड्याळ म्हटलं. ज्यांचं बाळंतपण पुढं लवकर झालं, त्यांच्या रक्तात सीआरएच 16 ते 20 आठवड्यांपासूनच वाढलेलं सापडलं होतं. बाळापर्यंत आईचं सगळं कॉर्टिसॉल पोचू नये म्हणून वारेत एक चाळणीही असते, बरंचसं कॉर्टिसॉल ती निकामी करते. ताण लांबला, पोटाला अन्न कमी पडलं, की ही चाळणी दुबळी होते.

हे वाचून कुणी लॅबमध्ये कॉर्टिसॉल तपासायला धावू नका, त्याचा इथं उपयोग नाही. आणि सगळा दोष ताणावर टाकू नका. दिवसांआधी कळा येण्यामागं लघवीचा किंवा अंगावरचा जंतुसंसर्ग असतो, वाढलेला रक्तदाब असतो, जुळं असतं, कोवळं वय असतं, दोन बाळंतपणांतलं कमी अंतर असतं, अंगात रक्त कमी असतं. सकाळी दाताला लावलेली मिश्रीही असते. तीही तंबाखूच आहे, ती आजच बंद करा. ताण या सगळ्यांच्या जोडीला उभा राहतो, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तो कधी एकटा येत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी घागरीसाठी रात्री जागणाऱ्यांत पोटुशी बाया होत्या. 2023 या एका वर्षात मराठवाड्यात हजारावर शेतकऱ्यांनी जीव दिला, त्यांच्या मागं राहिलेल्या कितीतरी जणी विशी-पंचविशीतल्या आहेत.

एक गोष्ट मला फार लागते. हे शास्त्र घरात पोचतं तेव्हा त्याचा हत्यारासारखा वापर होतो. लेकरू लवकर झालं की सासूबाई म्हणतात, ‘लई विचार करती, म्हणून झालं असं.’ कृपा करून असं बोलू नका. ताण तिनं घेतलेला नाही, तो तिच्यावर आलेला आहे. ‘टेन्शन घेऊ नको’ हा सल्ला नाही, ती जबाबदारी झटकणं आहे. तिचा घोर कमी करायचा असेल तर त्यातला एखादा वाटा प्रत्यक्ष उचलावा लागतो. पाणी दुसऱ्यानं आणावं. तिनं सगळ्यांच्या शेवटी न जेवता सगळ्यांबरोबर जेवावं. दुपारी दोन तास आडवं व्हायला मिळावं आणि त्याबद्दल टोमणा मिळू नये. सावकार दारात आला तर तिला पुढं करू नका. कर्ज तिच्यापासून लपवूही नका, लपवलेल्या गोष्टीचा धसका मोठा असतो. ‘बापूंनी सोसायटीत बोलणं केलंय, तू यात पडू नको’ एवढं सांगितलं तरी तिला झोप लागते. मुलगाच हवा, हे वाक्य नऊ महिने घरात उच्चारू नका. आणि नवरा हात उचलत असेल, तर शेजारणींनो, भिंतीला कान लावून बसू नका, 181 वर फोन करा.

आता ऊसतोडीच्या फडाबद्दल. कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूर, रेणापूरकडची घरं दिवाळीनंतर कुलपं लावून कोल्हापूर, सांगली, बेळगावकडं गेली आहेत. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते. बाईला सातवा लागला तरी अर्धा कोयता पडू नये म्हणून ती पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापते, दिवसभर वाकून मोळ्या बांधते, रात्री डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडी भरते. एक दिवस बसली की खाडा. त्या खाड्याचा हिशेब रात्रभर तिच्या डोक्यात चालतो. तोही ताणच आहे, वारेला तो पुराइतकाच कळतो. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात गदारोळ झाला, नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जी पिशवी काढली तिच्याबद्दल तेव्हा सगळे बोलले. ज्या पिशवीत आज लेकरू वाढतंय, तिच्याबद्दलही बोला.

मुकादमभाऊ, तुम्ही आमच्याच गावचे. तुमच्या टोळीत दिवस गेलेल्या किती आहेत, हे तुम्हाला आशाताईंच्या आधी ठाऊक असतं. सहाव्या महिन्यानंतर तिचा खाडा धरू नका, तिला मोळी उचलायला लावू नका, जवळच्या आरोग्य केंद्रात तिचं नाव घाला. माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडचं असलं तरी तिकडं चालतं. ते कोपीत पिशवीत सापडेल असं ठेवायला सांगा. आणि लातूरच्या बागायतदारांनो, आपल्या उसातही टोळ्या उतरल्या आहेत. आपल्या बांधावर पोटुशी बाई दिसली तर कारखान्याच्या शेतकी खात्याला सांगण्याआधी तिला पाणी आणि सावली द्या, मग आपल्या गावच्या आशाताईंना बोलवा.

सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत पोट थांबून थांबून कडक होत असेल, कंबर सतत भरून येत असेल, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. 102 किंवा 108 लावा. ‘आमी बी फडातच बाळंत झालो, कायी होत नाई’ असं सांगणाऱ्या सासवांना मी रोज भेटते. त्या खोटं बोलत नाहीत. फक्त ज्यांची लेकरं गेली, त्या हे सांगायला पुढं येत नाहीत.

लवकर पोचण्याचं आणखी एक मोठं कारण आहे. दिवसांआधी आलेल्या बाळाची फुफ्फुसं कच्ची असतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी 1972 मध्ये दाखवलं, की बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर ती लवकर पिकतात. आपल्याकडं त्यासाठी डेक्सामेथासोन वापरतात, 6 मिलिग्रॅम, 12 तासांच्या अंतरानं 4 वेळा, साधारण 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान. हे औषध कॉर्टिसॉलच्याच कुळातलं आहे. जे घड्याळ पळवतं, तेच मोजून मापून दिलं तर बाळाला श्वास देतं. पण त्याचा गुण यायला काही तास लागतात. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढं आहे. म्हणून ‘मोठ्या दवाखान्यात पाठवतो’ असं कुणी म्हटलं की विचारा, बाळाच्या फुफ्फुसाचं इंजेक्शन द्यायचं का? पहिला डोस इथंच देता येईल का? निर्णय डॉक्टरांचा, पण प्रश्न तुमचा हक्काचा आहे.

सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, ही समजूत सोडून द्या. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा. या समजुतीपायी आठव्यातल्या लेकराला आधीच परकं केलेलं मी पाहिलं आहे. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवा, आई दमली तर बापाच्या. कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात 1978 मध्ये बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडल्या तेव्हा डॉक्टरांनी ही रीत सुरू केली, आता जगभर ती सांगितली जाते. मला आजीनं त्या पत्र्याच्या शेडमध्ये पदराखाली तसंच बांधलं होतं.

2020 या एका वर्षात भारतात सुमारे 30 लाख बाळं दिवसांआधी जन्मली, जगात सर्वांत जास्त. नांदेडला तर आकडा सांगायचीही गरज नाही. किल्लारीला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवसापासून, म्हणजे 30 सप्टेंबर 2023 पासून, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 जीव गेले, त्यांत 12 नवजात होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. खाटा, औषधं, रिकामी पदं यांवर तेव्हा बोलणं झालं, ते लोकप्रतिनिधींनी अर्ध्यावर सोडू नये. पण काचेच्या पेटीपर्यंत पोचलेल्या त्या लेकरांची गोष्ट कित्येक महिने आधी, घरात, रानात सुरू झालेली असते.

माझ्या डॉक्टर आणि नर्स मंडळींनो, दर महिन्याच्या 9 तारखेला तपासणीला रांग लागते. रक्तदाब बघता, तसंच एकदा डोळ्यांत बघून विचारा, ‘झोप लागते का? घरी कुणाची भीती वाटते का?’ सासूला बाहेर बसवून विचारा. उत्तर जड असेल तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक द्या, तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि बायांनो, रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालेल. यंदा वाणात प्लास्टिकचा डबा देणार असाल तर त्याच्या झाकणाला एक चिठ्ठी चिकटवा, त्यावर चार आकडे लिहा : 102, 108, 181, 14416. गल्लीतली जी पोटुशी हळदीकुंकवाला आली नाही, तिच्या घरी तिळगूळ घेऊन आज संध्याकाळीच जा, आणि ती बोलेपर्यंत बसा.