रीजंट की रेसिडेंट? कोल्हापूरच्या इतिहासातील शब्दांचा घोळ

कोल्हापूर संस्थानाविषयी लिहिताना दोन इंग्रजी शब्दांची अदलाबदल इतक्या सहजपणे होते की ती कोणाला खटकतही नाही. ते शब्द म्हणजे रीजंट आणि रेसिडेंट. उच्चार जवळचे, दोन्ही पदे दरबाराशी निगडित, आणि मराठीत दोहोंना ‘राजप्रतिनिधी’ म्हणून मोकळे होण्याची सवय. वास्तविक एक माणूस राजाच्या जागी बसलेला असतो आणि दुसरा राजावर नजर ठेवून.

राजा अज्ञान असेल किंवा कारभारास असमर्थ ठरला असेल, तर त्याच्या नावाने राज्य चालवणारा तो रीजंट. रेसिडेंट हा ब्रिटिश सत्तेचा दरबारातील वकील. पेशव्यांच्या दरबारी एल्फिन्स्टन होता तो रेसिडेंट. खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, पुण्यात संगमावरची रेसिडेन्सी जळाली ती त्याचीच. कोल्हापुरात मात्र ही भूमिका बराच काळ पोलिटिकल एजंटकडे होती. रेसिडेंट हे पदनाम तेथे पुढे आले.

हा भेद न कळल्याने काय बिघडते, ते १८८२ साली दिसते. छत्रपती चौथे शिवाजी यांना मनोरुग्ण ठरवून कारभार रीजन्सी कौन्सिलकडे सोपवण्यात आला आणि रीजंट झाले कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर, या तरुण छत्रपतींचा अंत झाला. या प्रकरणात कोणाची किती जबाबदारी होती, हा आजही तीव्र वादाचा विषय आहे. अशा वेळी रीजंटला रेसिडेंट म्हटले की कागलचा मराठा सरदार एका फटक्यात इंग्रज अधिकारी होतो, किंवा इंग्रजांनी घेतलेला निर्णय घरच्या माणसाच्या माथी बसतो. कागल ही जहागीर होती, इंग्रजीत इस्टेट. तिला कोल्हापूरसारखे स्टेट समजणे हाही त्याच जातीचा घोळ.

हेच आबासाहेब राजर्षी शाहूंचे जन्मदाते. १७ मार्च १८८४ रोजी दत्तकविधान होऊन कागलचे यशवंतराव शाहू छत्रपती झाले, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. येथे आणखी एक जोडी गोंधळ घालते: ॲक्सेशन आणि इन्व्हेस्टिचर. पहिला शब्द गादीवर येण्याचा, दुसरा अधिकार हाती घेण्याचा. २ एप्रिल १८९४ रोजी झाले ते दुसरे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस त्या दरबारास उपस्थित होते. मराठीत या दिवसाला सर्रास ‘राज्यारोहण’ म्हणतात आणि मधली दहा वर्षे हवेत विरतात. त्या वर्षांत गादीवर छत्रपती होते, अधिकार मात्र नव्हता. १८८६ साली आबासाहेब वारले, आणि त्यानंतर पोलिटिकल एजंटचा शब्द अधिक वजनदार झाला. १८९४ नंतर शाहूंनी कारभारात जे बदल केले, त्यांचे महत्त्व ही दहा वर्षे ध्यानात घेतल्याखेरीज नीट कळत नाही. (इंग्रजी कागदपत्रांत या काळाला ‘मायनॉरिटी’ म्हटलेले आढळते. तेथे अल्पसंख्याकांचा काही संबंध नाही. अर्थ एवढाच की राजा अज्ञान आहे.)

सर्वांत महागात पडणारी गफलत मात्र ॲक्सेशन आणि मर्जर यांची. ॲक्सेशन हा शब्द येथे पुन्हा येतो, पण निराळ्या अर्थाने. १९४७ साली संस्थानांनी ज्या करारावर सह्या केल्या, तो सामीलनामा होता. त्यायोगे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय केंद्राकडे गेले. बाकीचा कारभार दरबाराकडेच राहिला. मर्जर म्हणजे विलीनीकरण, संस्थानाचे वेगळे अस्तित्वच संपणे. सांगली, मिरज ही शेजारची संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी, जवळजवळ एका वर्षानंतर. तरीही ‘१९४७ साली कोल्हापूर विलीन झाले’ हे वाक्य अनेकदा वाचायला मिळते.

हे वाक्य निरुपद्रवी नाही. गांधीहत्येनंतर कोल्हापुरात जी जाळपोळ झाली, जिच्यात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही भस्मसात झाला, ती या दोन तारखांच्या दरम्यान. तेव्हा कोल्हापूर भारतात सामील झालेले होते, पण मुंबई प्रांताचा भाग नव्हते. शहराच्या बंदोबस्ताची जबाबदारी संस्थानाची होती. १९४७ सालीच विलीनीकरण झाले असे धरले, तर तो जाब मुंबई सरकारला विचारावा लागेल, आणि ते अन्यायाचे ठरेल.

या घोळाचे खापर केवळ कच्च्या इंग्रजीवर फोडणे योग्य नाही. दोन वेगळ्या घटनांना मराठीत एकच शब्द लावण्याचा आळस त्यामागे अधिक आहे. सामीलनामा हा नेमका शब्द आपल्याकडे असताना त्या जागी ‘विलीनीकरण’ लिहिण्याचे कारण नाही. १८९४ साठी ‘अधिकारग्रहण’ पुरेसे आहे. रीजंट आणि रेसिडेंट हे शब्द तर देवनागरीत तसेच ठेवावेत. ‘राजप्रतिनिधी’ लिहायचेच असेल, तर कोणाचा प्रतिनिधी, हे त्याच वाक्यात सांगावे.